डावीकडे वळताना

मंगळवार, ३ मार्च

चूक दुरुस्त करते. रविवारी मी लिहिलं की दादाच्या टेम्पोचं पुढचं डावं बेअरिंग गेलंय. डावं नाही — उजवं! डावीकडे वळताना आवाज वाढतो म्हणून मी सरळ डावं लिहून मोकळी झाले. पण गाडी डावीकडे वळली की तिचा सगळा भार उजव्या चाकावर जातो. भार ज्याच्यावर, ओरडणार तेच. हे बाबांनी मला लहानपणीच शिकवलं होतं आणि तरी चुकले.

आज खात्री केली. तो गाडी लावून आत गेल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यावर हात धरून पाहिला. डावं कोमट. उजवं हात लावू देईना. चाक वर-खाली धरून हलवलं — पडायला आलेला दात हलावा तसं हललं.

जुनं खोडलेलं नाही. बाबांचा नियम — खोडायचं नाही, खाली दुरुस्ती लिहायची. मी शाळेत उशिरा गेले. आई आजारी होती, तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं, म्हणून माझी पहिली शाळा गॅरेजच्या मागची खोली. अक्षरं सुट्या भागांच्या खोक्यांवरून शिकले. बेरीज-वजाबाकी फुटक्या बेअरिंगमधल्या गोळ्यांवर, ताटलीत. एखादी गोळी घरंगळून हरवली तर ती सापडेपर्यंत पुढचं गणित नाही! ती सवय हाडात गेली. नट आवळला की परत बघते. दाराची कडी लावली की परत बघते. दादा मला ‘तपासनीस’ म्हणतो. तोही खुशीत असला तर. नसला की जे म्हणतो ते इथे लिहिणार नाही.

बुधवार, ४ मार्च

बेअरिंग कशानं गेलं तेही लिहून ठेवते. उद्या कुणी रस्त्यावर खापर फोडायला नको.

आधीचं पाण्यानं गेलं होतं. दादानं टेम्पो तुंबलेल्या पाण्यातून घातला. सील फाटलेलं, पाणी आत, ग्रीसचा चिखल झालेला. ते बदलणं भागच होतं. बाबा म्हणाले, “प्रेसवर बसव. घाई नको.” प्रेस म्हणजे आमचं जुनं दाबयंत्र. हँडल मारत राहायचं, बेअरिंग केसाएवढं केसाएवढं आत सरकतं. वेळ लागतो. दादाला कुठला वेळ! त्यानं मोठा हातोडा घेतला आणि आतल्या कडीवर घाव घालायला सुरुवात केली.

“मारू नकोस त्याला. बाहेरच्या कडीवर दाब द्यायचा असतो. आतल्या कडीवर मारलंस की सगळा मार गोळ्यांना बसतो.”

“लोखंड आहे. रडत नाही.”

बाबांनी परत सांगितलं. मग परत सांगितलं आणि हात पुढे केला — थांबवायला, बाकी काही नाही. हातोडा मनगटावर आला. आवाज मी ऐकला. मोठा नव्हता. कुणी बशीवर कप ठेवावा तेवढाच. दादानं उरलेले घाव बेअरिंगवर घातले, चाक चढवलं आणि गाडी घेऊन गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाबांना मी आणि शेजारचे वेल्डरकाका दवाखान्यात घेऊन गेलो. तिथे बाबांनीच सांगितलं — जॅक घसरला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. बाबांचा उजवा हात अजून प्लॅस्टरमध्ये आहे. तेव्हापासून गॅरेजचं सगळं काम माझ्याकडे.

गोळ्या ज्या चरातून फिरतात त्यात घावांनी खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक फेरीला गोळी त्यात आपटते, खळगा मोठा होतो, चुरा पडतो, तो चुरा बाकीच्या गोळ्या खातो. बाबा म्हणायचे, “मार खाल्लेलं बेअरिंग त्या दिवशी काही बोलत नाही. महिन्यानं बोलतं.”

ते बेअरिंगबद्दलच बोलत होते. मी उगाच भलते अर्थ काढत बसायचं नाही.

गुरुवार, ५ मार्च

आवाज नाक्यावरून आला. मी गॅस बंद केला, वहिनीनं ताट वाढलं, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. तो आत आला तेव्हा बोट ठेवायला जागा नव्हती. हात उचलला नाही. जेवला आणि झोपला.

शनिवार, ७ मार्च

हे कधी सुरू झालं ते आठवत नाही, पण आता आम्ही तिघंही तेच करतो. संध्याकाळ झाली की कान नाक्याकडे.

सरळ रस्त्यावर आवाज घुमतो — रिकाम्या पिंपात कुणी तोंड घालून हुंकार द्यावा तसा. मग नाक्यावर तो डावीकडे आमच्या गल्लीत वळतो आणि उजवं चाक बोंब मारतं. घुंऽऽ चं घर्रर होतं. तिथून दारापर्यंत गल्ली लांब, खड्डे पुष्कळ. तेवढ्यात चपला जागेवर लागतात. रेडिओ बंद होतो. वहिनी फुटण्यासारखं सगळं कपाटात ठेवते आणि केस घट्ट बांधते — मोकळे असले तर हातात येतात म्हणून.

आवाज नव्हता तेव्हा कसं होतं? तेव्हा दार उघडायचं आणि थप्पड बसायची, दोन्ही एकदमच. कशाबद्दल ते नंतर कळायचं. कधी कळायचंही नाही.

वहिनीची जीभ अजून जिवंत आहे, याचं मला आश्चर्य वाटतं. म्हणते, “मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार म्हणून उंदरांची सभा बसली होती म्हणे. आमच्या मांजरानं स्वतःच बांधून घेतली! हातोड्यानं ठोकून!” बाबा हसले. प्लॅस्टर लागल्यापासून पहिल्यांदा.

मी हसले आणि मग जेवण जाईना. कारण मला माहीत आहे ते बेअरिंग शेवटी काय करतं. गोळ्या फुटतात, सगळं तापून एकमेकांत रुततं आणि चालत्या गाडीचं चाक निघून जातं. मी गॅरेजवाली आहे. ते बदलणं माझं काम. बदललं तर घंटा गेली. नाही बदललं तर —

वहिनीला पळून जा म्हणणं सोपं आहे. गेली होती की! मागच्या वर्षी सकाळच्या बसनं बहिणीच्या गावाला निघाली. तिथे एक वकीलबाई आहेत. त्यांनी निरोप दिला होता, “एकदा इथवर पोच, पुढचं माझ्यावर सोड.” गावाबाहेर जाणारा रस्ता एकच. दादानं टेम्पो पिटाळला, बस गाठली, आडवा घातला आणि बसमधल्या सगळ्यांसमोर तिला केसांना धरून खाली ओढलं. एकानंही जागा सोडली नाही. कंडक्टर म्हणाला म्हणे, “घरचं भांडण आहे, जाऊ द्या.” पोलीसही तेच म्हणाले होते. तिची बरगडी जुळली, पण वाकडी. कुशीवर झोपता येत नाही.

रविवार, ८ मार्च

बाबांना विचारलं — चाक निघालं तर नक्की काय होतं? तुम्ही कधी पाहिलंय?

मग सांगितलं. लग्नाआधी ते एका मोठ्या गॅरेजात होते. तिथला एक ट्रक उतारावर असताना बेअरिंग रुतलं आणि पुढचं चाक निघालं. “ट्रक नुसता घासत थांबला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. चाक थांबलं नाही. चाकाला ब्रेक नसतो, बाळ.” ते ट्रकच्या पुढे धावत सुटलं, रस्ता ओलांडला, एका घराच्या पायरीवर एक माणूस बुटाची नाडी बांधत बसला होता. खाली वाकलेला. त्यानं वर पाहिलंच नाही.

“चाक आमच्या गॅरेजचं, म्हणून आणायला मला पाठवलं. तिथल्या नळावर धुतलं. नटांच्या भोकांत अडकलं होतं ते काडीनं काढावं लागलं. त्याची बायको बघत उभी होती. मला म्हणाली, पाणी पुरे का?”

मग बाबा म्हणाले, “दादाचं चाक निघालं तर दादाच मरेल, असं तुम्ही दोघी धरून चालल्या आहात.”

मी काही धरून चाललेले नाही, असं म्हणाले. ते खोटं होतं.

मंगळवार, १० मार्च

वहिनी कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “चाक निघायला किती वेळ लागतो?”

“सांगता येत नाही. उद्या निघेल, नाहीतर महिना काढेल. ओझं जास्त, खड्डे जास्त, तेवढं लवकर.”

“परवा फरशांचं ओझं आहे त्याला. घाटातून.”

मी चिमटे तिच्या हातात देत राहिले.

“वहिनी, घाटात शाळेच्या गाड्या असतात.”

“मला माहीत आहे काय असतं ते!” ओली चादर तिनं इतक्या जोरात झटकली की माझ्या तोंडावर पाणी उडालं. मग हळूच म्हणाली, “तू काही करू नकोस. एवढंच. तू काही करायचंच नाहीस.”

काही न करणं हे करणं आहे की नाही? दिवसभर हाच भुंगा.

गुरुवार, १२ मार्च

क्रमानं लिहिते.

घाटातून तो सुखरूप आला. सुखरूप! पण आवाज आला नाही. संध्याकाळचा उजेड होता अजून. गल्ली शांत म्हणून आम्ही निवांत. वहिनीला लहर आली. ताट हातात धरून स्टिअरिंगसारखं फिरवत ती खोलीभर टेम्पो चालवू लागली — “घुंऽऽऽ, हा आला नाका, हा वळला, घर्रर — बाबा, पाय आत घ्या!” बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. मीसुद्धा पोट धरून हसत होते. दाराकडे माझी पाठ होती.

आधी बाबांचं हसू थांबलं.

तो दारात उभा होता. टेम्पो नाक्याच्या पलीकडे सोडून चालत आला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे.

“थांबलीस का?” तो वहिनीला म्हणाला. अगदी प्रेमानं. “कर की. छान करतेस.”

ताट तिच्या हातातच.

“मी म्हणतोच, मी येतो तेव्हा ह्या घरातले सगळे पुतळे कसे होतात! कर. आवाज कर!”

तिनं केला. बारीक. त्यानं तिचा हात धरून दाराच्या चौकटीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दार ओढलं. “मोठ्यानं.” परत ओढलं. ती आवाज करत होती. घुं, घुं. तो किंचाळण्याचा आवाज नव्हता. त्यानं सांगितलेलाच करत होती, आणि हेच मला सगळ्यात — नको.

मी त्याच्या पाठीवर बुक्के मारले. त्यानं मागे न बघता कोपर मारलं, मी टेबलावर गेले. बाबा प्लॅस्टरचा हात काठीसारखा उगारून उठले. त्यांना त्यानं नुसतं छातीवर हात ठेवून खाली बसवलं, लहान मुलाला बसवतात तसं. “म्हातारबा, एक हात शिल्लक आहे. सांभाळा.”

मग जेवायला मागितलं. मी वाढलं. दरवेळी हेच असतं — मग आम्ही वाढतो.

वहिनीची तीन बोटं गेलीत. म्हणजे तुटलीत. गेली नाहीत, आहेत. नीट लिहायला हवं.

शुक्रवार, १३ मार्च

आज नाक्यावरून आवाज आला तेव्हा मी मनात म्हणाले — नीघ आता. चाकाला म्हणाले. लिहून ठेवते. खोडणार नाही.

रविवार, १५ मार्च

वेल्डरकाका धावत आले. “पोरी, तुझ्या भावाचा ब्रेक गेलाय का?”

झालं असं. बाजाराच्या तोंडाशी एक सायकलवाला आडवा आला. दादानं ब्रेक दाबला, पावलाखालचं पेडल सरळ तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर लागलं, तोवर सायकलचं मागचं चाक टेम्पोखाली. माणूस उडून बाजूला पडला. जगला. मग दादा उतरला आणि त्या पडलेल्या माणसाला लाथा घातल्या — आडवा आला म्हणून! काकांनी आणि दोन भाजीवाल्यांनी आवरलं. काकांच्या गालावर ओरखडे आहेत.

ब्रेक गेलेला नाही. हेही बेअरिंगच. चाक डुलतं, त्याबरोबर ब्रेकची तबकडी डुलते, ती पॅड मागे ढकलते, म्हणून पहिलं दाबणं फुकट जातं. गाडी आता सगळ्या बाजूंनी सांगते आहे आणि सांगणं कळणारी एकटी मी.

धीर करून दादाला म्हणाले, “बेअरिंग बदलू दे मला. माणूस मरता मरता वाचला.”

वाटलं आता बसणार. पण तो हसला. “मला काय येडा समजतेस? माझा आवाज कुठवर पोचतो ते कळलंय मला. विकतोय ही गाडी. पुढच्या आठवड्यात दुसरी घेतो. अशी घेतो की उशाशी येऊन उभा राहीन तरी कळणार नाही तुम्हाला.”

म्हणजे चाकही दुसऱ्याच्या गळ्यात, आणि घंटाही गेली.

सोमवार, १६ मार्च

गिऱ्हाईक आज आलं. रोपं विकतो तो माणूस — कुंड्या हातगाडीवरून ढकलत न्यायचा, आता टेम्पो घेतोय. बरोबर छोटी मुलगी. बाप गाडीभोवती फिरत होता तोवर ती पुढच्या सीटवर चढून स्टिअरिंग धरून बसली. पाय हवेत. तोंडानं भुर्रर.

दादानं गाडी चालवून दाखवली. परत आल्यावर रोपवाला म्हणाला, “वळताना काहीतरी घुमतं हो.”

“टायर नवे आहेत, घासले की गप्प होतील.”

रोपवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. माझे हात कोपरापर्यंत काळे. “ताई, तुम्ही इथल्याच ना? तुम्ही सांगा. गाडी बरी आहे ना? मी, बायको, ही पोर — तिघंही हिच्यातूनच फिरणार.”

दादा माझ्या मागे आला. मानेवर हात ठेवला. बघणाऱ्याला माया वाटावी असा. अंगठा कानामागच्या हाडाखाली रुतवला.

मला वाटलं होतं मी विचार करीन. विचार केलाच नाही. एखादी गोळी घरंगळून जाताना हात आपोआप पुढे जातो, तसं झालं.

“टायर नाही. पुढचं उजवं बेअरिंग गेलंय. बदलल्याशिवाय नेऊ नका. मुलीला तर बसवूच नका.”

रोपवाल्यानं आधी मुलीला खाली घेतलं. मग म्हणाला, “मग बदलून द्या. शनिवारी संध्याकाळी येतो. नाहीतर राहू दे.”

दादाचा अंगठा सैल झाला. “देतो की! घरचंच गॅरेज आहे. ही तपासनीस आहेच आमची.”

ते दोघं कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यानं हात हलवून निरोप दिला. मग माझं डोकं टेम्पोच्या दारावर आपटलं. मग परत. पत्रा चेपलाय, तोही मलाच सरळ करायचा आहे — “शनिवारच्या आत.” एक दात पडला. जीभ सारखी तिथे जाते, मोकळी जागा तपासून येते.

मंगळवार, १७ मार्च

वहिनी बोलत नाही. सकाळी एवढंच बोलली —

“तुला खरं बोलल्याशिवाय राहवत नाही ना? ती पोर तुझी कोण? आणि मी कोण?”

त्या मुलीचे पाय हवेत होते, एवढंच सांगता आलं असतं. वहिनीनं बांधलेल्या बोटांनी स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतला. सांडला. मला पुसू दिला नाही.

बुधवार, १८ मार्च

नवीन बेअरिंग आणलं. कागदात गुंडाळलेलं, तेलाचा वास. बोटावर फिरवून पाहिलं — आवाजच नाही. किती छान असतं ते, कुणी मारलं नाही की!

दादानं बजावलं, “शनिवारी दुपारपर्यंत व्हायला पाहिजे.” मी म्हटलं, होईल. दुपारच्याही आधी होईल. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढायचा, जुनं दाबून बाहेर, नवं दाबून आत.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, “आतली कडी अडकेल.”

जुनं बेअरिंग काढताना कधीकधी आतली कडी हबच्या दांड्यावरच चिकटून राहते. जळलेली असली तर ती काढण्यात दिवस जातो. खरं आहे. पण आपल्याकडे कडी ओढून काढणारा पुलर चांगला आहे.

“नाही अडकणार, बाबा. मी तेल सोडून ठेवते.”

“अडकेल, बाळ.” माझ्याकडे बघत राहिले. “आणि प्रेसचं हँडलही सापडत नाहीये सकाळपासून.”

हँडल त्यांच्याच खुर्चीखाली होतं! मला दिसत होतं. म्हातारपण आलं, असं वाटून वाईट वाटलं.

गुरुवार, १९ मार्च

दुपारी वहिनी गॅरेजमध्ये आली. दोन दिवसांच्या अबोल्यानंतर पहिला प्रश्न —

“चाक बसवायला किती वेळ लागतो?”

मी सवयीनं सांगायला लागले, हब, प्रेस, नट — आणि मध्येच थांबले. ती माझ्याकडे बघत होती. बाबा आमच्याकडे बघत होते. पाय खुर्चीखालच्या हँडलवर ठेवून.

चाक उतरवलेला टेम्पो बस गाठू शकत नाही!

“जेवढा मी लावीन तेवढा,” मी म्हणाले. वहिनी हसली. बोटं अजून बांधलेली, तरी हसली. “तुझ्याएवढं हळू काम कुणाला जमतं? आजवर तुझ्यावर चिडले, चूक झाली.”

वेल्डरकाकांना सांगितलं. त्यांनी गॅरेजमधले सगळे हातोडे गोळा केले. “धार लावून आणतो रविवारी.” हातोड्यांना धार! मोटारसायकलीबद्दल म्हणाले, “माझी शनिवारी आजारी आहे. कुणी मागितली तरी उठणार नाही.” आणि गिऱ्हाईक येईपर्यंत ते आमच्याच दारात वेल्डिंग करत बसणार आहेत. काय वेल्ड करणार ते अजून ठरलेलं नाही.

संध्याकाळी काय होऊ शकतं ते मला माहीत आहे. बाबा म्हणाले, “मी आहे.” एक हात.

बेअरिंग मात्र नीट बसवीन. सरळ, दाबून, एकही घाव न घालता. प्रत्येक नट परत बघेन. ती मुलगी खुशाल पाय हलवत बसू दे.

वहिनी फडकं झटकायला म्हणून बाहेर पडेल, वकीलबाईंच्या गावच्या सकाळच्या बसला. त्याआधी गाडी जॅकवर आणि पुढचं उजवं चाक माझ्या हातात.

दिवस ठरला — शनिवार, २१ मार्च.